वाड्यात मुक्काम

(आपल्या मंडळाच्या श्रावणातल्या मासिक सभेत, हिमायतनगर इथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हां उभयतांना 'जपानची सहल' हा विषय दिला होता. पण फुजी पर्वत, वेगाच्या गाड्या, फुललेल्या चेरी ही चित्रं तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या मुला-नातवंडांनी मोबाइलवर आधीच पाठवलेली आहेत. म्हणून आम्ही एकाच गोष्टीवर बोलायचं ठरवलं. क्योतो शहरात आम्ही चार रात्री एका जुन्या घरात राहिलो. तीन जुनी घरं दुरुस्त करून, आतून जोडून, त्यांचं पाहुण्यांसाठी निवासस्थान केलेलं आहे. त्या घराविषयी, आणि त्यावरून आपल्या घरांविषयी बोलणार आहोत. आमच्यापैकी एक बोलेल आणि दुसरी चुका काढेल, घरी चालतं तसंच.

त्या घरांना तिथे 'माचिया' म्हणतात. माची म्हणजे पेठ, आणि या म्हणजे घर. पेठेतलं घर. पुढच्या भागात दुकान किंवा कारागिराचं काम, मागे बिऱ्हाड. रस्त्याच्या बाजूने तोंड अगदी अरुंद आणि आत लांबच लांब. तिथले लोक गमतीने त्याला वाम माशाचं अंथरूण म्हणतात. पूर्वी कर दर्शनी रुंदीवर बसायचा म्हणून घरं अशी झाली, असं सांगतात. रस्त्याकडच्या बाजूला बारीक लाकडी पट्ट्यांची जाळी. आतून बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरून आतलं काही नाही. आपल्या जुन्या घरांतल्या बायकांना ही सोय समजावून सांगायला नको.

दारातून शिरलं की मातीच्या जमिनीची एक बोळ थेट परसापर्यंत जाते. चुली त्या बोळीतच. तिच्यावर माडी नाही, सरळ उंच छपरापर्यंत पोकळी, म्हणजे धूर आणि आगीची ठिणगी दोन्ही वर निघून जावं. चुलीच्या वर भिंतीला एक कागद चिकटवलेला होता. आतागो नावाच्या देवस्थानातून आणलेला, आगीपासून घर राखणारा. चूल आता पेटत नाही, कागद मात्र लावलेला असतो.

घराच्या पोटात वीतभर अंगण आहे. एक दगडी दिवा, शेवाळ, नेचे, पाण्याचं दगडी भांडं. आम्हांला आधी वाटलं, नुसती शोभा. पण त्याचं काम वेगळंच आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी दारासमोर पाणी शिंपडतात, आपला सडाच म्हणा ना, आणि पुढचा रस्ता व आतलं अंगण यांच्या उष्णतेत फरक पडला की घरातून वारा वाहू लागतो. घर उन्हाळ्यासाठी बांधावं हा विचार तिथे सातशे वर्षं जुना आहे. उन्हाळा लागला की कागदाची सरकती दारं काढून बोरूची दारं बसवतात, खाली वेताच्या चटया घालतात. आपल्याकडे मे महिन्यात खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागायचे आणि त्यांवर पाणी मारायचं काम पोरांकडे असायचं, ते इथल्या पुष्कळांना आठवत असेल.

खोलीचं माप ते चटयांवर सांगतात. तातामी नावाची जाड गवती चटई, साधारण तीन फूट रुंद, सहा फूट लांब. सहा चटयांची खोली, आठ चटयांची खोली. आपण काय म्हणायचो? पाच खणांचं माजघर, सात खणांचा सोपा. दोन खांबांमधलं अंतर हेच माप, आणि खांब कोणत्या लांबीचा मिळतो त्यावर घर ठरणार. सुताराच्या हिशेबाने बांधलेली घरं जगात कुठेही एकमेकांची नातेवाईक असतात, असं आम्हांला तिथे वाटलं.

आता मुक्कामाविषयी थोडं, कारण तुमच्यापैकी काही जण जाणार आहेत. चपला दारातच. पायखान्याच्या सपाता वेगळ्या, त्या घालून खोलीत यायचं नाही. आमच्या आजीला हा नियम ऐकून फार समाधान झालं असतं. अंगावर घालायला सुती अंगरखा देतात, त्याची डावी बाजू उजवीवर आली पाहिजे. उलटं फक्त मृताला नेसवतात. न्हाणीत आधी बाहेर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं आणि मग गरम पाण्याच्या हौदात शिरायचं. त्या हौदात अंग धुवायचं नसतं, नुसतं शेकायचं. रात्री गाद्या जमिनीवर घालतात, सकाळी गुंडाळून कपाटात. त्याच खोलीत जेवण, त्याच खोलीत बसणं, तिथेच झोपणं. वळकट्या रचलेला सोपा ज्यांनी पाहिला आहे त्यांना नवल वाटणार नाही, पण आपल्या मुलांना वाटतं.

गुडघ्यांचं काय, हा प्रश्न आम्हांला परत आल्यावर सर्वांत जास्त जणांनी विचारला. पाठ टेकायला बिनपायांची खुर्ची मिळते, सांगितलं तर पायांची ठेंगणी खुर्चीही ठेवतात. माडीचा जिना मात्र खडा असतो, तेव्हा खालचीच खोली मागून घ्यावी. शाकाहारी मंडळींनी आधी कळवलं तर देवळांच्या परंपरेतलं शुद्ध शाकाहारी जेवण मिळू शकतं. सारात काय आहे ते मात्र विचारावं. तिथल्या साध्या भाजीच्या रसातसुद्धा वाळवून किसलेल्या माशाचं पाणी असतं. समुद्री शेवाळाचं पाणी वापरा असं सांगितलं की काम होतं.

आम्हांला खरं कौतुक वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. काय बदलायचं आणि काय नाही, हे कुणीतरी नीट बसून ठरवलं होतं. न्हाणी आणि संडास पूर्ण नवे. विजेच्या तारा नव्या. हिवाळ्यासाठी काही खोल्यांच्या जमिनीखाली ऊब. पण मातीच्या भिंती मातीच्याच, तुळया त्याच. जिथे खांबाचा पाय कुजला तिथे तेवढाच तुकडा कापून नव्या लाकडाचा जोड दिलेला, आणि तो जोड लपवलेला नाही.

ही घरं आपोआप वाचलेली नाहीत. १९५० च्या आधीची जी घरं, त्यांनाच माचिया धरतात. त्या साली इमारतींचा नवा कायदा आला आणि जुन्या पद्धतीची लाकडी घरं त्याच्या चौकटीबाहेर गेली. २००९ च्या सुमारास महापालिकेने मोजणी केली तेव्हा अशी सुमारे ४७ हजार घरं होती. सातेक वर्षांनी पुन्हा मोजली तर ४० हजारांच्या आसपास भरली, आणि उरलेल्यांतलं साधारण सातातलं एक घर रिकामं. पाडण्याची कारणं ऐकून आम्ही एकमेकांकडे बघितलं. म्हातारी माणसं गेली. मुलं तोक्योत. चार वारस. जागेला भाव आला. मोटार लावायला जागा नाही.

मग शहराने काय केलं? एक नियम केला, तो आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो. २०१८ पासून, ठरवून दिलेलं माचिया पाडायचं असेल तर मालकाने एक वर्ष आधी कळवायचं. बंदी नाही. फक्त वर्षाची मुदत. त्या वर्षात महापालिका आणि संस्था धडपड करून कुणी विकत घेणारं, भाड्याने घेणारं मिळतं का ते पाहतात. आणि भाड्याने घेणाऱ्यांत पाहुण्यांची निवासस्थानं चालवणारे पुष्कळ असतात. मालकाने घर दहा-पंधरा वर्षांसाठी द्यायचं, चालवणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचं, मुदत संपली की घर परत. मालकी कुठे जात नाही. अॅलेक्स कर नावाच्या अमेरिकन लेखकाने या शतकाच्या सुरुवातीला क्योतोत जुनी घरं अशी मुक्कामासाठी उघडायला घेतली. बाहेरच्याने किंमत केली म्हणजे घरच्यांचे डोळे उघडतात, हे काही फक्त आपल्याच देशात होत नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाहुण्यांची घरं वाढली की शेजार संपतो. रात्री अकराला चाकांच्या बॅगा खडखडत येतात. क्योतोने म्हणून अशा घराचा व्यवस्थापक दहा मिनिटांत पोहोचेल इतक्या जवळ असावा अशी अट घातली. आमच्या गल्लीत एका आजोबांचं घर मधोमध होतं, आणि दोन्ही बाजूंना आमच्यासारखे चार दिवसांचे लोक. रोज सकाळी ते आपल्या दारासमोरचा रस्ता झाडायचे, आणि आमच्याही दारासमोरचा थोडा.

त्याच शहरात जुलै महिनाभर गियोन नावाचा उत्सव चालतो. इसवी सन ८६९ मध्ये रोगराई पसरली होती तेव्हापासूनचा. प्रत्येक पेठेचा आपला रथ, खिळा न वापरता नुसत्या दोरांनी बांधलेला, आणि त्याची सगळी व्यवस्था पेठेतल्या घरांकडे. मिरवणुकीच्या आदल्या रात्री जुनी घरं आपल्या दर्शनी खोल्या उघडतात आणि घरातले चित्रांचे पडदे लोकांना बघायला मांडतात. पण पेठेत घरंच उरली नाहीत तर रथ कोण बांधणार? काही पेठांत आता उंच इमारतींतल्या नव्या बिऱ्हाडांना उत्सवात ओढून घ्यावं लागतं. वर्गणी, आरतीची पाळी आणि 'यंदा कोण उभं राहणार' हे प्रश्न आपल्याला नवीन नाहीत.

आपल्या मराठी माणसांत असा मुक्काम कुठे आहे? आहे की. महेश्वरला. इंदूरहून दोनेक तासांचा रस्ता, नर्मदेच्या काठचा किल्ला, आणि त्यात अहिल्याबाईंचा वाडा. ज्या बाईने काशीपासून रामेश्वरपर्यंत देवळं, घाट, धर्मशाळा बांधल्या, तिचा स्वतःचा वाडा बघा. लाकडी खांब, चौक, कौलं, ओसरी. आपल्याकडच्या एखाद्या देशमुखाच्या वाड्यात शोभेल असा. त्यांची गादी तिथे आहे, आणि मातीची छोटी शिवलिंगं करून पूजा झाल्यावर नर्मदेत सोडण्याचा परिपाठ आजही चालू आहे. किल्ल्यातला होळकरांचा राहता भाग यशवंतराव होळकरांचे चिरंजीव रिचर्ड होळकर यांनी २००० साली पाहुण्यांसाठी उघडला. त्याच्या वीसेक वर्षं आधी त्यांनी आणि सॅली होळकर यांनी रेहवा ही संस्था काढून महेश्वरी साड्यांचे माग पुन्हा चालू केले होते. हा क्रम आम्हांला महत्त्वाचा वाटतो. आधी गावाच्या हाताला काम, मग पाहुणे. तिथला दर आपल्यासारख्यांच्या खिशाला जड आहे, हेही सांगून टाकतो. दिवसा वाडा आणि घाट बघायला काही पडत नाही.

पणजीत फोंतेन्यास भागातल्या जुन्या घरांत १९८४ पासून पाहुणे राहतात. त्यांत एक घर हिंदू पद्धतीचं, मधे राजांगण असलेलं आहे. तिथल्या रहिवाशांनी मात्र आता दारांवर 'फोटो काढू नका' अशा पाट्या लावल्या आहेत. क्योतोच्या आजोबांचंच दुखणं.

आता आपलं हैदराबाद. एक शब्द बघा. मराठीत देवडी म्हणजे वाड्याच्या दरवाजाच्या आत, दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांना बसायची जागा. इथे आल्यावर तोच शब्द अख्ख्या हवेलीला लागला. जुन्या शहरात अमक्या राजांची देवडी, तमक्या नवाबांची देवडी. राय रायान हे तर आपलं मराठी घराणं, दफ्तर-ए-दिवाणी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे. त्यांच्या जोडीने दफ्तर-ए-माल सांभाळणाऱ्या मालवाला घराण्याची चारमिनारजवळची देवडी २००० साली पाडली गेली. वारसा इमारतींची यादी ज्या नियमात होती तो नियम २०१५ साली रद्द झाला, पुढे २०१७ साली राज्याचा नवा वारसा कायदा आला. मधल्या काळात काय काय गेलं ते आपण बसमधून पाहत होतो. फलकनुमा २०१० साली हॉटेल होऊन वाचला, चांगलंच झालं. पण राजवाडा वाचणं वेगळं आणि पेठेतलं घर वाचणं वेगळं. आणि लांब कशाला, या हिमायतनगरातले आंब्याच्या झाडाचे आणि पोर्चचे बंगले आता किती उरलेत, ते लिबर्टीकडून नारायणगुड्याकडे चालत जाताना बोटांवर मोजता येतील.

पण आम्हांला खरं बोलायचं आहे ते इथल्या घरांविषयी नाही. आपल्यापैकी बहुतेकांची दोन घरं होती. एक इथलं आणि एक तिकडचं. आजोबा, पणजोबा निजामाच्या नोकरीसाठी, वकिलीसाठी किंवा १९१८ नंतर उस्मानिया विद्यापीठात शिकायला म्हणून नांदेड, परभणी, बीड, बिदर, गुलबर्ग्याकडून आले. सणाला, लग्नकार्याला गावी जायचे, कारण तेव्हा सगळं एकच संस्थान. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बिदर-गुलबर्गा म्हैसूरमध्ये, आणि आपण आंध्रात राहिलो. माणसं एका राज्यात, वाडा दुसऱ्या राज्यात. त्यानंतर गावच्या वाड्याला एक-एक करून कुलपं लागली.

माळवदाचं घर कुलपात राहू शकत नाही. तुळया, त्यांवर आडव्या किलचा, त्यांवर पाला आणि मग हातभर पांढरी माती. मृगाच्या आधी त्यावर चढून गवत उपटायचं, भेगा बुजवायच्या, नवी माती अंथरून दाबायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. दोन पावसाळे हे चुकलं की पाणी तुळईच्या तोंडाशी मुरतं, आणि तिसऱ्या वर्षी भिंतीत पिंपळ दिसतो. त्यात ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट. सुमारे आठ हजार माणसं गेली, त्यांतली कितीतरी दगडमातीच्या भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. त्यानंतर या घरांत झोपायची लोकांना भीती बसली, आणि ती खोटी नव्हती. पण अभियंत्यांनी तेव्हाच सांगितलेले उपाय आहेत. मातीचा थर कमी करा. भिंतीच्या दोन्ही अंगांना धरून ठेवणारे आरपार दगड घाला. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरके लाकडी टेकू द्या. खांबांवर पेललेलं छप्पर भिंत पडली तरी उभं राहिल्याची उदाहरणं तिथेच होती. म्हणजे जुनं घर दुरुस्त करायचं तर आधी पाया आणि सांधे, रंग आणि झुंबर शेवटी. हे न करता पाहुणे बोलावणं हा आम्ही गुन्हा समजू.

जपानात हा प्रश्न आपल्यापेक्षा मोठा आहे. २०२३ च्या गणनेत तिथे सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली. ह्योगो प्रांतात मारुयामा नावाची छोटी वस्ती आहे. बारा घरं, त्यांतली सात रिकामी. २००९ साली त्यांतली काही दुरुस्त करून त्यांनी मुक्कामाला दिली. चालवतात गावचेच लोक. न्याहारी तेच करतात, झाडलोट तेच करतात, पैसे गावात राहतात. महाराष्ट्रातही 'निवास व न्याहारी' योजना आहे, घरमालक त्यात नोंदणी करू शकतो. औंढा नागनाथ, माहूर, परळी, तुळजापूर, अंबेजोगाई. आपली गावं या वाटांवरच तर आहेत. यात्रेकरूला स्वच्छ खोली, गरम पाणी आणि पिठलं-भाकरी लागते, राजवाडा लागत नाही.

अडचण मात्र पैशाच्या आधी कागदाची आहे. आमच्याच घराचं सांगतो. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला अजून पणजोबांचं नाव. वारस मोजले तर एकवीस, त्यांतले सहा परदेशात. एकाचाही विरोध नाही, पण एकवीस सह्या एका कागदावर आल्याशिवाय साधी पन्हाळही कोणाच्या नावाने बदलता येत नाही, आणि खर्च कोणी किती करायचा हा विषय तर लग्नाच्या पंगतीतही टाळला जातो. जपान सरकारने यावर एप्रिल २०२४ पासून सक्तीच केली. वारसा मिळाल्याचं कळल्यापासून तीन वर्षांत नाव लावलं नाही तर एक लाख येनपर्यंत दंड. आपल्याकडे दंड नाही, फक्त पिंपळ आहे.

आमच्या घरात गेल्या वर्षभरात नऊ सह्या झाल्या. दोन चुलत भावांनी हक्कसोडपत्र करून दिलं, आणि एका आत्येबहिणीने ठाम नकार दिला, तिचंही बरोबर आहे. तिचा हिस्सा तिला हवा आहे आणि तो तिने का सोडावा? आता सर्वांचे हिस्से कायम ठेवून एकाच्या नावे कारभाराचं मुखत्यारपत्र करायचं चाललं आहे. पुढच्या मृगाच्या आत माळवदावर माणूस चढला पाहिजे, एवढीच मुदत आम्ही स्वतःला घातली आहे.

कार्यकारिणीला आमची एक विनंती होती आणि ती त्यांनी मान्य केली आहे. गणेशोत्सवाचे सगळे दिवस मांडवाच्या दाराशी एक वही राहील. आपल्यातले दोन निवृत्त वकील आणि एक स्थापत्य अभियंता रोज आरतीनंतर तासभर बसतील, सल्ल्याचे पैसे नाहीत. वहीत चारच रकाने आहेत: गाव आणि तालुका, नोंदीवरचं शेवटचं नाव, वारस किती, आणि किल्ली सध्या कोणाकडे आहे. येताना जुनी कागदपत्रं मूळ आणू नका, झेरॉक्स आणा. मोडी लिपीतली असली तरी चालतील, वाचणारे आपल्यात अजून आहेत.